शेतकरी गटाची सभासदी: नव्या प्रयोगांसाठी किती कामाची?

स्थानिक शेतकरी गटाचं नाव निघालं की बहुतेकांना एकत्र खतखरेदी आठवते, नाहीतर महिन्यातून एकदा होणारं व्याख्यान. हे परीक्षण त्या दोन्हींचं नाही. नवं वाण, कमी केलेली खतमात्रा, वेगळं पेरणीयंत्र, आच्छादन किंवा पिकांची नवी फेरपालट आपल्या रानात आणायची असेल तर गटाची सभासदी नेमकी काय देते आणि कुठे तोकडी पडते, एवढंच इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगतो. ज्या गटात जुनी आणि नवी पद्धत एकाच रानात शेजारी शेजारी लावली जाते, काढणी सगळ्यांसमोर होते आणि वजन वहीत चढतं, त्या गटात जरूर जा. जिथे फक्त माहिती वाटली जाते तिथे ओळखी वाढतील, चार नव्या गोष्टी कानावर पडतील, पण त्यातलं फार थोडं रानात उतरेल. दोन्ही प्रकारचे गट बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून फरक कसा ओळखायचा ते पुढे तपशिलाने दिलं आहे.

एकट्याने प्रयोग केला तर अडतं कुठे

एकट्या शेतकऱ्याला वर्षात एका पिकाचा एकच डाव मिळतो. त्याने यंदा सगळ्या रानात नवं वाण पेरलं आणि उतारा वाढला, तर तो वाणामुळे वाढला की वेळेवर आलेल्या पावसामुळे, हे सांगायला त्याच्याकडे तुलनेला काहीच उरत नाही. अर्ध्या रानात जुनं ठेवलं तरी अडचण पुरती सुटत नाही. एकाच शेतात एकच वाण, एकच खत घालून दोन सारखे पट्टे काढले तरी त्यांच्या वजनात पाच-दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. कुठे पूर्वी शेणखताचा ढीग होता, कुठे जुना बांध मोडून रानात मिसळला आहे, कुठे ट्रॅक्टर वळून जमीन दबली आहे. नव्या गोष्टीचा फायदा पाच टक्के असेल तर तो या गोंधळात बुडून जातो. उलट, फायदा शून्य असलेली गोष्टही एखाद्या वर्षी जादू केल्यासारखी वाटते.

विश्वास कसा बसतो याचा एक जुना दाखला फार बोलका आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला याचा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध केला. नव्या बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती. पेरायचंच असं मनाने ठरवायला मात्र शेजाऱ्यांचं रान सर्वांत जास्त कारणी लागलं. खबर मिळणं आणि पेरणं यात कित्येक वर्षं गेली आणि पेरणाऱ्यांनीही आधी थोड्याच जागेत करून पाहिलं. संकरित मका चांगला होता, तरी एवढा वेळ लागला. गटाची किंमत करायची ती याच मधल्या वर्षांवरून: तो ती वर्षं कमी करतो का, आणि वाईट गोष्ट असेल तर ती सगळ्यांच्या रानात पसरण्याआधी अडवतो का?

पट्ट्यांची चाचणी: गटाचं मुख्य काम

गटाच्या सगळ्या सेवांमध्ये सर्वांत मोलाची ही. ती नीट करणारे गट थोडे आहेत, म्हणून इथे जरा थांबून बोलू.

आधी प्रश्न बांधून घ्यावा लागतो. ‘सेंद्रिय चांगलं की रासायनिक?’ हा चाचणीचा प्रश्न होऊच शकत नाही, कारण त्यात वीस गोष्टी एकदम बदलतात. ‘पेरणीच्या वेळचं नत्र एक चतुर्थांशाने कमी केलं तर उतारा घटतो का?’ हा प्रश्न चालतो. बदल एकच ठेवायचा, बाकी सगळं तंतोतंत सारखं. सांगायला सोपं आहे, पण बहुतेक चाचण्या इथेच बिघडतात. नवं बियाणं प्रक्रिया केलेलं असतं आणि तुलनेला घरचं, प्रक्रिया न केलेलं बियाणं वापरलं जातं. मग तपासणी वाणाची न होता बीजप्रक्रियेची होते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. दुसरी चूक बियाण्याच्या वजनाची. एका वाणाच्या हजार दाण्यांचं वजन ३६ ग्रॅम आणि दुसऱ्याचं ४५ ग्रॅम असेल, तर हेक्टरी सारखेच किलो पेरल्यावर पहिल्याचे दाणे पंचवीस टक्के जास्त पडतात. म्हणून वजन सारखं न ठेवता रोपसंख्या सारखी ठेवायची. हिशेब असा: दर चौरस मीटरला हवी असलेली रोपं गुणिले हजार दाण्यांचं वजन (ग्रॅममध्ये), भागिले उगवणीची टक्केवारी, उत्तर हेक्टरी किलोमध्ये येतं. २०० रोपं हवीत, हजार दाणे ४० ग्रॅम, उगवण ९० टक्के, तर सुमारे ८९ किलो. उगवण तपासायला ओल्या गोणपाटात किंवा कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवले की काम होतं.

मग पट्ट्यांची आखणी. हाताने काढणी होणार असेल तर प्रत्येक पट्टा निदान आठ ओळींचा घ्यावा आणि वजन मधल्या चार ओळींचंच करावं. कडेच्या ओळींना ऊन आणि जागा जास्त मिळते, शिवाय शेजारच्या पट्ट्याचं खत-पाणी त्यांच्यापर्यंत पोचतं. यंत्राने काढणी असेल तर पट्टा यंत्राच्या काढणीच्या रुंदीच्या दुप्पट पेरावा आणि मधून एकच फेरी घ्यावी. लांबी पन्नास मीटरच्या वर असली तर बरी. पाटाने पाणी देणाऱ्या रानात खताची चाचणी असेल तर पाण्याबरोबर खत वाहून शेजारी जातं, म्हणून दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन-तीन ओळी सोडाव्या लागतात. जोडीतले दोन्ही पट्टे उताराच्या एकाच पातळीवर हवेत. एक वर आणि एक खाली पडला तर खालच्याला वाहून आलेली माती आणि ओल दोन्ही फुकट मिळतात. झाडाची सावली, गोठ्याची बाजू आणि यंत्र वळण्याची जागा वगळावी.

डावीकडे नवं की उजवीकडे, हे नाणं उडवून ठरवायचं. अनेक गटांना हे पोरकट वाटतं आणि ते टाळलं जातं. आमच्या मते यावर तडजोड करू नये. शेतकऱ्याला आपल्या रानातली चांगली बाजू पाठ असते, आणि ज्या गोष्टीबद्दल आशा आहे ती त्याच बाजूला पेरायला हात आपोआप वळतो. यात लबाडी नसते, पण निकालावर परिणाम तोच होतो.

आता गटाचा खरा फायदा. एका रानात एकच जोडी असेल तर तिचा निकाल बोलण्यापुरता. आयोवातल्या शेतकऱ्यांनी १९८५ साली सुरू केलेल्या ‘प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा’ या संघटनेने पट्ट्यांच्या जोड्या पुन्हा पुन्हा लावून आणि त्यांची जागा चिठ्ठीने ठरवून आपल्याच रानात भरवशाच्या चाचण्या करण्याची रीत रुळवली. लहान रान असलेल्याला एकाच शेतात सहा जोड्या झेपत नाहीत. गटातल्या सहा जणांनी एकेक जोडी लावली तर झेपतं, आणि सहा वेगळ्या जमिनी तपासून होतात तो फायदा वेगळाच.

हिशेब करायला संख्याशास्त्राचं शिक्षण लागत नाही. नव्या-जुन्यात खरंच काही फरक नसेल तर प्रत्येक रानात नवं पुढे जाण्याची शक्यता नाण्यासारखी निम्मी असते. सहापैकी सहाही रानांत नवं पुढे येणं नुसत्या योगायोगाने ६४ पैकी एकदाच घडेल, म्हणून असा निकाल गांभीर्याने घ्यावा. सहापैकी पाच किंवा त्याहून जास्त ठिकाणी पुढे येणं योगायोगाने ६४ पैकी ७ वेळा घडतं, म्हणजे जवळपास अकरा टक्के. इथे आणखी एक हंगाम थांबावं. आठ जोड्या असतील आणि सात किंवा आठ ठिकाणी नवं पुढे असेल तर योगायोगाची शक्यता साडेतीन टक्क्यांवर येते. याच कारणासाठी आठ ते दहा जोड्या जमवू शकणारा गट चार जोड्यांच्या गटापेक्षा पुष्कळ वरचा ठरतो.

सरासरी काढून वही मिटणारा गट मात्र अर्धंच काम करतो. समजा सहा रानांत हेक्टरी फरक क्विंटलमध्ये असे आले: ३, २, ४, उणे १, २, २. सरासरी दोन क्विंटल अधिक, सगळे खूश. शहाणा गट आधी त्या उणे एककडे जातो. ते रान भारी, पाणी धरून ठेवणारं निघालं तर त्या गटातल्या तशाच जमिनीच्या बाकी सभासदांसाठी ती एक आकडेवारी सरासरीपेक्षा जास्त मोलाची आहे. अर्थात एका रानावरून नियम होत नाही. पुढच्या हंगामात तशा दोन-तीन जमिनी मुद्दाम निवडून पुन्हा पाहावं लागतं.

वजन करताना ओलाव्याचा हिशेब हमखास राहून जातो. नवं वाण उशिरा पिकणारं असेल आणि दोन्ही एकाच दिवशी कापली, तर नव्याच्या दाण्यात पाणी जास्त असतं आणि ते काट्यावर वजन म्हणून दिसतं. दुरुस्ती सोपी: वजन गुणिले (१०० वजा मोजलेला ओलावा), भागिले (१०० वजा ठरवलेला ओलावा). ५०० किलो दाण्यात १८ टक्के ओलावा असेल आणि हिशेब १४ टक्क्यांवर करायचा असेल, तर ५०० × ८२ ÷ ८६, म्हणजे ४७७ किलो. तेवीस किलो नुसतं पाणी होतं! ओलावामापक नसेल तर प्रत्येक पट्ट्यातला पाच किलोचा नमुना एकाच जागी, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवावा आणि त्या प्रमाणात आकडा दुरुस्त करावा. सगळ्या रानांत एकच काटा फिरवावा. दहा काटे म्हणजे दहा चुका.

चाचणी कुठे फसते

सर्वांत जास्त वेळा ती तुलनेच्या पट्ट्यावर फसते. तिसाव्या दिवशी नवा पट्टा गडद हिरवा दिसायला लागतो आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, मग याच पट्ट्याने काय पाप केलं आहे? तिथेही तीच मात्रा पडते आणि चाचणी संपते. इथे गटाने दोन गोष्टी आधीच सांगून ठेवायला हव्यात. एक, गडद रंग म्हणजे उतारा नव्हे. जास्त नत्राने पान हिरवं होतं, पण पीक लोळण्याचा आणि रोग येण्याचा धोकाही वाढतो. दोन, तुलनेच्या पट्ट्यात उतारा कमी आलाच तर ती तूट गट भरून देईल. दुसरी गोष्ट न बोलता पहिली कितीही समजावली तरी उपयोग होत नाही.

खुणा हरवणं ही दुसरी, अगदी क्षुल्लक वाटणारी अडचण. कोळपणीत खुंट्या निघून जातात. मोबाइलवर जागा टिपून ठेवली तरी उघड्या रानातही तिची चूक तीन ते पाच मीटरची असते आणि पट्टाच चार मीटरचा असतो. त्यापेक्षा विहिरीचा कठडा, बांधावरचा दगड अशा न हलणाऱ्या खुणेपासून टेपने अंतर मोजून कागदावर नकाशा काढावा आणि त्याची एक प्रत गटाच्या वहीत चिकटवावी.

तिसरी अडचण काढणीच्या दिवशीची. मजूर आले, आभाळ भरून आलं, सगळं एकाच ढिगात गेलं. ज्या गटात काढणीच्या दिवशी हजर राहायला दोन सभासदांची नावं आधीच ठरलेली असतात, तिथे हे क्वचित होतं. आम्हाला विचाराल तर गट किती चांगला आहे हे पेरणीच्या बैठकीपेक्षा काढणीच्या दिवशी जास्त कळतं.

शिवारफेरी: कमी खर्चात मोठं काम

चाचणीइतकी काटेकोर नसली तरी प्रयोगाची हिंमत देण्यात शिवारफेरी कुठेच कमी नाही. हंगामात तीन फेऱ्या पुरतात: उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, फुलोऱ्यात आणि काढणीआधी. बरेच गट फक्त शेवटची करतात, कारण तेव्हा रान देखणं दिसतं. खरी दुरुस्ती होते ती पहिल्या फेरीत. एक मीटर ओळीतली रोपं दहा ठिकाणी मोजली की पेरणीयंत्राची कोणती नळी तुंबली होती ते तिथेच कळतं.

फेरी कशी चालवावी याचे दोन चांगले नमुने आहेत. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केल्यावर १९८६ साली ५७ कीटकनाशकांवर भातासाठी बंदी आली, आणि १९८९ मध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. साधारण पंचवीस शेतकरी हंगामभर दर आठवड्याला भेटायचे. पाच-पाचच्या टोळ्या रानात उतरायच्या, किडी आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मोजायच्या, जे दिसलं त्याचं मोठ्या कागदावर चित्र काढायच्या आणि फवारायचं की नाही ते त्यावरून ठरवायच्या. उत्तर कोणी आयतं देत नसे. तुडतुड्याला कोळी खरंच खातो का, हे जाळीत दोघांना एकत्र ठेवून डोळ्यांनी पाहिलं जाई. फवारणी त्या कोळ्यांनाही मारते आणि तुडतुडे आणखी वाढतात, ही गोष्ट भाषणातून पटली नसती.

त्याच शेतीशाळांपासून प्रेरणा घेऊन डेन्मार्कमधल्या सेंद्रिय दूध उत्पादकांनी प्रतिजैविकांचा वापर घटवण्यासाठी गोठ्यांच्या शाळा चालवल्या. पाच-सहा गोठ्यांचा गट, आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी भेट. यजमानाने बोलायचं एक जमलेल्या कामाबद्दल आणि दोन अडलेल्या गोष्टींबद्दल, मग बाकीच्यांनी सुचवायचं. हे एकास दोनाचं प्रमाण आम्हाला फार आवडतं. जमलेलं आधी दाखवल्यामुळे यजमानाची मान वर राहते, आणि अडचणी दोन सांगायच्याच असल्यामुळे झाकपाक करायला जागा उरत नाही.

फेरीत निदान एक गोष्ट मोजून पाहावी, नाहीतर तिची सहल होते. जमिनीत पाणी मुरण्याची चाचणी यासाठी उत्तम. १५ सेंटिमीटर व्यासाची धातूची कडी सात-आठ सेंटिमीटर खोल ठोकायची, आत प्लास्टिकचा कागद अंथरून ४४० मिलिलिटर पाणी ओतायचं (म्हणजे अडीच सेंटिमीटरचा थर होतो), कागद हळूच ओढून घ्यायचा आणि पाणी जिरायला लागलेला वेळ टिपायचा. तेवढंच पाणी दुसऱ्यांदा ओतून जो वेळ येतो तो खरा धरायचा, कारण पहिल्या वेळी कोरडी जमीन घाईने पाणी पिते. आच्छादनाचं आणि उघडं रान शेजारी शेजारी मोजलं तर दोन्ही आकडे पाहून चर्चा आपोआप पुढे सरकते.

सामायिक यंत्रं

नवं यंत्र विकत घेण्याआधी आपल्या जमिनीत चालवून पाहता येणं ही नव्या पद्धतीकडे जाण्याची मोठी पायरी आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात एरिख गायर्सबेर्गर यांच्या पुढाकाराने १९५८ साली पहिलं यंत्र-मंडळ निघालं. तिथे यंत्र सभासदाच्याच मालकीचं राहतं आणि तो ते ठरलेल्या दराने दुसऱ्याकडे चालवतो. मालकाला आपल्या यंत्राची काळजी असते, म्हणून ही रचना गटाच्या सामायिक मालकीपेक्षा कमी भांडणाची ठरते. सामायिक मालकीत ग्रीस कोणी भरायचं यावरूनच अर्धी भांडणं होतात.

किती सभासदांना एक यंत्र पुरेल हे अंदाजाने ठरवू नये. रुंदी मीटरमध्ये, गुणिले ताशी वेग किलोमीटरमध्ये, गुणिले प्रत्यक्ष कामाचा हिस्सा, भागिले दहा. उत्तर ताशी हेक्टर. दोन मीटरचं पेरणीयंत्र, ताशी पाच किलोमीटर, वळणं आणि बियाणं भरणं धरून सत्तर टक्के काम: ताशी ०.७ हेक्टर. आठ तासांत साडेपाच हेक्टर. वाफसा (जमिनीत पेरणीजोगी ओल असण्याचा काळ) सहा दिवसांचा असेल आणि त्यातले चारच दिवस हाती लागले तर बावीस हेक्टर. त्यापेक्षा जास्त क्षेत्राचं वचन दिलेला गट शेवटच्या दोघा-तिघांना उशिरा पेरायला लावतो. उतारा घटतो तो उशिराने, नाव खराब होतं ते यंत्राचं. पाळी दर वर्षी फिरती ठेवणं हा त्यावरचा साधा नियम आहे. दुसऱ्या रानात जाण्याआधी यंत्र धुणंही सक्तीचं हवं. तणाचं बी आणि मातीतले रोग यंत्राला चिकटून मजेत प्रवास करतात.

वर्षातून एकदा फवारणी पंप तपासायचा दिवस ठेवणारा गट मिळाला तर तेवढ्यासाठीही सभासद व्हावं. प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं धरून मिनिटभर पाणी गोळा करायचं. लिटर प्रतिमिनिट गुणिले ६००, भागिले (ताशी चाल गुणिले नोझलमधलं अंतर मीटरमध्ये) म्हणजे हेक्टरी लिटर. ०.८ लिटर, चाल पाच किलोमीटर, अंतर अर्धा मीटर, तर १९२ लिटर. झिजून तेच नोझल ०.९ लिटर सोडायला लागलं की आकडा २१६ वर जातो. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त सोडणारं नोझल बदलून टाकावं. ज्यांचे पंप असे तपासलेले नाहीत त्यांच्या फवारणीच्या चाचण्यांवर विसंबून राहू नये.

तोटा कोण सोसणार

नवं करून पाहणारा बाकीच्यांच्या वतीने जोखीम घेत असतो. हे मान्य करणारा गट आणि न करणारा गट यांत फार अंतर पडतं. कोलंबियात १९९० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राने स्थानिक शेतकरी संशोधन समित्यांची पद्धत उभी केली. गावाने निवडलेल्या चार जणांनी गावाने ठरवलेल्या प्रश्नावर प्रयोग करायचा, निकाल गावापुढे मांडायचा, आणि प्रयोगातला तोटा सोसायला समितीकडे छोटा निधी असायचा. ही जोडणी नेमकी आहे. प्रश्न गावाचा, म्हणून जोखीमही गावाची.

भरपाईचा नियम पेरणीआधी लिहून ठेवावा: दोन पट्ट्यांच्या वजनातला फरक धान्याच्या रूपात किंवा त्या दिवसाच्या भावाने. नुसत्या ‘बघू नंतर’वर चालणाऱ्या गटात दुसऱ्या वर्षी प्रयोगाला कोणी हात वर करत नाही. चाचणीखालची जमीन एकूण क्षेत्राच्या पाच-दहा टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे निधीवरही ताण येत नाही.

गट किती मोठा, चालवतो कोण

दहा-बारा जणांचा गट सर्वांत बरा चालतो. अर्जेंटिनात पाब्लो हारी यांनी १९५७ साली, फ्रान्समधल्या तशाच गटांवरून, सुरू केलेल्या ‘क्रिआ’ गटांचा आकारही साधारण एवढाच: दर महिन्याला एका सभासदाच्या शेतावर बैठक, हिशेब उघडे, आणि गटाने स्वतः पगार देऊन अर्धवेळ नेमलेला कृषितज्ज्ञ. पगार गट देतो ही त्यातली मेख आहे. औषध किंवा बियाणं विकणारा माणूस समन्वयक असेल तर तो कितीही प्रामाणिक असो, कोणता प्रश्न विचारला जाईल हे त्याच्या दुकानावर ठरतं. ‘खत कमी करून चालेल का’ हा प्रश्न अशा गटात वहीपर्यंत येतच नाही. कंपनीने फुकट दिलेल्या मालाची चाचणी करायला हरकत नाही, पण तुलनेचा पट्टा आणि काट्याचा ताबा गटाकडे हवा.

दुसरा दोष आतला. सगळे प्रयोग पुढाऱ्याच्याच रानात. त्याच्याकडे पाणी आहे, माणसं आहेत, जमीन खोल आहे. तिथे सगळंच चांगलं येतं. हलक्या जमिनीचा सभासद ते पाहतो, मान डोलावतो आणि घरी जाऊन जुनंच पेरतो. त्याचं चुकत नाही, कारण त्या रानातून त्याला स्वतःबद्दल काहीच कळलेलं नसतं. निदान निम्म्या जोड्या मध्यम आणि हलक्या जमिनींत असायला हव्यात. शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्या बायका गटाच्या बैठकीत नसतील तर त्याचाही फटका बसतो: निंदणीला किती वेळ वाढला, तोडणीला झाड किती त्रास देतं, ही माहिती वहीत येत नाही आणि उताऱ्यात जिंकलेलं वाण दोन वर्षांत मागे पडतं.

मोबाइलवरच्या गटाबद्दल थोडक्यात. रोगट पानाचा फोटो टाकून मत विचारायला आणि बैठकीची वेळ कळवायला तो चांगला. उताऱ्याचे आकडे तिथे टाकले की वाहून जातात. महिन्याने शोधायला गेलं तर सापडत नाहीत. कागदी वही हवीच.

कोणाला उपयोगी, कोणाला नाही

एकाच प्रकारचं पीक घेणारे आठ-दहा शेतकरी चालत किंवा थोड्या अंतरावर असतील, तर गट फार कामाचा. पिकं अगदी वेगवेगळी असतील तर पट्ट्यांच्या जोड्या जमत नाहीत; तेव्हा शिवारफेरी आणि यंत्रांपुरतीच अपेक्षा ठेवावी. फळबागेत एका चाचणीला कित्येक वर्षं लागतात आणि तोवर गट टिकेलच असं नाही. तिथे पट्ट्यांऐवजी झाडांच्या जोड्या घ्याव्यात, सारख्या वयाच्या आणि सारख्या घेराच्या, आणि छाटणी, आच्छादन, पाणी असे एका-दोन हंगामांत दिसणारे प्रश्नच हाती घ्यावेत. पुढच्याच महिन्यात उत्तर हवं असलेल्याने या वाटेला जाऊ नये. एका भरवशाच्या उत्तराला दोन हंगाम धरून चालावं.

वर्गणी भरण्याआधी गटाची वही मागा. प्रत्येक चाचणीपुढे तुलनेच्या पट्ट्याचं वजन लिहिलं आहे का ते पाहा. नकाशा आहे का, ओलावा लिहिला आहे का, काढणीला कोण हजर होतं ते आहे का? मग फसलेले प्रयोग मोजा. तीन हंगामांच्या वहीत एकही फसलेला प्रयोग नसेल तर तिथे प्रयोग झालेले नाहीत, किंवा झालेलं सगळं लिहिलेलं नाही. अशा वेळी सभासद न होता त्यांची एक शिवारफेरी पाहून घ्या, आणि यजमानाने आपल्या अडचणी स्वतःहून दाखवल्या तर वर्गणी त्याच दिवशी भरा.